पदवीची वर्षे

पदवी ही विद्येची खूण होय, अशी लोकांची समजूत असते. परंतु विद्यापीठे आरंभापासून तिचे माप काळाने घेत आली आहेत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेस १३२ उमेदवार बसले व २२ उतरले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तीनच वर्षांनी, १८६२ साली, हे दोघे पहिल्या बी. ए. झालेल्यांत गणले गेले. पुढे मॅट्रिकनंतर चार वर्षे हा क्रम ठरला. नुसत्या बुद्धीने भागत नसे. टर्म भरावी लागे. हजेरी कमी पडली की हुशार विद्यार्थ्यासही परीक्षेचे दार बंद होई.

या चार वर्षांचा अर्थ सोलापुरात निराळा होता. गिरण्यांच्या व हातमागांच्या या शहरात १९४० साली दयानंद कॉलेज निघेपर्यंत कॉलेज नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुण्याची वाट धरावी किंवा नोकरी पाहावी, असे दोनच मार्ग उरत. पुण्यास जावे तर फी, पुस्तके, खोलीचे भाडे व खानावळ यांचा भार चार वर्षे वाहावा लागे. आणि मधेच घरची ओढ लागून परतावे लागले, तर तीन वर्षे शिकलेलाही पदवीवाचून तो पदवीवाचूनच राही.

त्यानंतर सोलापूरची विद्यापीठे बदलत गेली. मुंबईनंतर १९४९ साली पुणे, १९६२ साली कोल्हापूर आणि २००४ साली स्वतःचे, केवळ एका जिल्ह्याचे विद्यापीठ. वर्षांची बेरीज मात्र हलली नाही. शाळेची अकरा व कॉलेजची चार मिळून पंधरा, हा जुना हिशेब. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने दहा, दोन व तीन असा आकृतिबंध सुचविला. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली व बारावीची १९७७ साली झाली. बेरीज पुन्हा पंधराच! फरक इतकाच की, अकरावी-बारावीचे वर्ग हायस्कुलांसही जोडता येऊ लागले व पुष्कळ मुलांची परगावची वर्षे त्यामुळे कमी झाली.

वर्षांऐवजी तास मोजण्याची रीत अमेरिकेतून आली, आणि तिचे मूळ मौजेचे आहे. १९०६ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने कॉलेजांतील प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्याचे योजिले. खरे कॉलेज कोणते, हे ठरविण्यासाठी प्रवेशापूर्वीच्या शालेय अभ्यासाचे माप हवे होते; एका विषयाच्या १२० तासांचे एक एकक धरण्यात आले. वृद्ध गुरुजनांच्या पोटापाण्यासाठी काढलेले हे माप पुढे शिष्यांच्याच मानगुटीस बसले.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात व्याख्यानाच्या १५ तासांस किंवा प्रयोगशाळेतील ३० तासांस एक श्रेयांक आहे. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० लागतात. म्हणजे चौथे वर्ष घेणाऱ्याची पंधराची बेरीज प्रथमच सोळा होते. एका वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्यास प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येण्याची व एकूण सात वर्षांत अभ्यास पुरा करण्याची मुभाही आहे.

जुन्या रीतीत वाया गेलेली वर्षे येथे जमेस धरली जातात, हा मोठाच लाभ होय. परंतु पहिल्या वर्षाअखेर बाहेर कोण पडेल? सुखवस्तू घरचा मुलगा क्वचितच. विणकराचा मुलगा किंवा लग्नाची घाई झालेली मुलगीच बहुधा. बाहेर जाण्याचे दार रुंद आणि आत येण्याचे दार केवळ कागदावर उघडे, असे झाले तर गरिबास प्रमाणपत्र व श्रीमंतास पदवी अशी नवी वाटणी होईल. यास्तव या योजनेची कसोटी श्रेयांकांच्या बेरजेत नाही. घर सावरून पुन्हा वर्गात येऊन बसणाऱ्यांची संख्या किती, यावर तिचे यश मोजले पाहिजे. आणि ती वाढवावयाची तर फी, शिष्यवृत्ती व सायंकाळचे वर्ग यांचा विचार श्रेयांकांआधी झाला पाहिजे.