देवीच्या नांवानें राखलेलें अरण्य

राष्ट्रीय उद्यान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक विस्तीर्ण, सलग अरण्य उभें राहतें. सरकारनें त्याची हद्द आंखलेली असते आणि नाक्यावर पहारेकरी असतो. अमेरिकेंत १८७२ सालीं यलोस्टोन येथें ही कल्पना प्रथम मूर्त झाली. आपल्या सह्याद्रींत चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान २००४ सालीं जाहीर झालें. पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हे या मुलखांत असें उद्यान नाहीं. तरीहि तेथील वनस्पतींची व प्राण्यांची विविधता मोठी आहे, आणि ती कोणीं व कशी राखली याचा वृत्तांत आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

भोरहून वरंध घाटाकडे निघालें असतां पन्नास किलोमीटरच्या आंत पावसाचें मान कित्येक पटींनीं वाढतें. पूर्वेच्या टेंकड्यांवर गवत आणि विरळ झुडपें, मध्यें ऐन, किंजळ, बेहडा यांचें पानगळीचें रान, आणि घाटमाथ्याजवळ जांभूळ, अंजनी, पिसा यांची सदाहरित झाडी, अशीं तीन निराळीं जगें इतक्या थोड्या वाटेंत भेटतात. उतारांवर कारवी माजलेली असते. ती सात वर्षांनीं एकदांच फुलते, आणि फुलून बीं धरलें कीं वाळून जाते. हिरडस मावळाचें नांव हिरड्यावरून पडलें कीं काय, हा वाद भाषापंडितांनीं खुशाल घालावा. हिरडा मात्र तेथें भरपूर आहे.

या झाडीची किंमत जुन्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती असें नाहीं. तोरणा व राजगड हे दोन्ही गड याच मुलखांतले, आणि राजगडावर तर शिवाजी महाराजांची राजधानी वीस वर्षांहून अधिक काळ होती. पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत गडाभोंवतालची झाडी हीच गडाची राखण होय असें बजाविलें, आणि आंबा-फणसासारखीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं धन्याच्या संमतीवांचून तोडूं नयेत असा दंडक सांगितला. १६९७ सालीं शंकराजी नारायण सचिव यांच्यापासून सुरू झालेलें भोर संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकलें. त्याच्या तालुक्यांचीं नांवेंसुद्धां विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशीं गडांवरूनच होतीं. परंतु तोफांच्या आणि आगगाडीच्या युगांत गडांचें लष्करी महत्त्व ओसरलें, आणि झाडी राखण्याचें तें कारणहि उरलें नाहीं.

राहिली ती देवराई. वाघजाई, काळकाई, शिरकाई, मेंगाई अशा देवींच्या आणि भैरवाच्या नांवानें गांवोगांवीं रानाचा एक तुकडा सोडलेला असे. भोंवतालच्या झाडांच्या डहाळ्या दरसाल राबासाठीं छाटल्या जात. रायींत मात्र कोयता चालत नसे. कांहीं ठिकाणीं वाळकें लांकूड उचलण्यासहि मनाई, कांहीं ठिकाणीं जत्रेच्या स्वयंपाकापुरतें सरपण घेण्याची मुभा. मोठें झाड पाडण्याची वेळ आलीच तर देवीला कौल लावावयाचा. यामागें देवीच्या कोपाची भीति होती, ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण कित्येक रायींतून गांवचा झरा निघतो, आणि उन्हाळ्यांत तो कां आटत नाहीं हें गांवकऱ्यांना कळत नव्हतें असें समजणें हा शहरवासीयांचा अहंकार होय.

रायींत पाऊल टाकतांच उजेड मंदावतो. पालापाचोळ्याचा जाड थर, खोडांना विळखा घालणारी गारंबी, फांद्यांवर नेचे आणि आमरी. जुन्या खोडांना ढोल्या पडतात, आणि धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलींत शिरून तोंड लिंपून घेते. केवळ चोंच मावेल एवढी फट ठेवते आणि नर तिला फळें आणून भरवितो. हाच पक्षी फळांच्या बिया दूरवर टाकतो. म्हणजे ढोलीचें एक म्हातारें झाड पडलें कीं पक्ष्याचें घर जातें, आणि पक्षी गेला कीं दहा जातींच्या झाडांचा पेरणारा जातो.

बाकीच्या रानाचें काय झालें, हें वेल्ह्यांत पानशेतच्या धरणानें दाखविलें. हें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें आणि पुण्यांत हाहाकार झाला, एवढेंच आपणांस आठवतें. त्या खोऱ्याची दुसरी हकीकत कमी प्रसिद्ध आहे. धरणाच्या कामासाठीं सडका झाल्या, आणि त्या सडकांवरून कोळशाचे व्यापारी आंत पोंचले. जमिनी पाण्याखालीं गेलेले शेतकरी डोंगराच्या उतारावर सरकले होते. नड भागविण्यासाठीं त्यांनीं झाडें मिळेल त्या भावानें विकलीं. उघड्या उतारांची माती पावसाबरोबर धुपूं लागली. डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७९ सालीं या सर्व प्रकाराचीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. त्यापूर्वीं, १९७५ व १९७६ सालीं, त्यांनीं व महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींतील डॉ. वा. द. वर्तक यांनीं देवरायांवर लेख लिहून त्यांच्या रक्षणाची निकड शास्त्रज्ञांपुढें मांडली होती. जें रान विकतां येत होतें तें गेलें. ज्याला गिऱ्हाईकाशीं सौदाच करतां येत नव्हता तें बरेंचसें उरलें.

आतां तो सौदाहि होऊं लागला आहे. महाराष्ट्रांत कित्येक ठिकाणीं उघड्यावरच्या तांदळ्यासाठीं सिमेंटचें देऊळ बांधावयाचें, आणि त्याच्या खर्चाकरितां रायींतलींच झाडें विकावयाचीं, असें घडलें आहे. पुण्याहून मोटारीनें दोन-अडीच तासांत पोंचतां येतें, त्यामुळें जमिनीला भाव आला आहे. देवराईची नोंद कागदावर कोठें वनखात्याकडे, कोठें महसूल खात्याकडे, तर कोठें खाजगी नांवावर असते. राई कोणाची असें विचारलें तर गांवांतील म्हातारीं माणसें अजून देवीचेंच नांव सांगतात. खरेदीखत करणारा मात्र सातबाऱ्याचा उतारा मागतो.