झगा, शिरोवस्त्र आणि फ्रान्सचे प्रजासत्ताक

१९०० सालच्या सप्टेंबर महिन्यात पॅरिसला लागून असलेल्या ल क्रेमलँ-बिसेत्र या गावाच्या नगराध्यक्षाने एक हुकूम काढला. गावच्या हद्दीत कोणाही धर्मगुरूने झगा घालून वावरू नये, असा तो हुकूम होता. आज हे वाचून हसू येते. पण ज्या फ्रान्समध्ये ते घडले तिथल्या श्रद्धावंतांना त्या दिवसांत हसण्याची उसंत नव्हती. १९०३ च्या एप्रिलमध्ये ग्रांद शार्त्रोझच्या मठातून व्रतस्थांना सैनिकांकरवी बाहेर काढण्यात आले. ७ जुलै १९०४ च्या कायद्याने तर व्रतस्थ संघांना शिकवण्याचीच बंदी केली. कित्येक धर्मभगिनी देशोधडीला लागल्या. ज्यांना आपल्या वर्गातली मुले सोडवेनात, त्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी डोक्यावरचे शिरोवस्त्र उतरवले, साधे कपडे घातले आणि ‘सामान्य शिक्षिका’ म्हणून त्या पुन्हा फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

मुसलमान स्त्रीच्या बुरख्याचा आणि हिजाबचा वाद निघाला की ‘फ्रान्सने केले तेच बरे’ असे उद्गार आमच्या समाजातही कानी पडतात. असे म्हणणाऱ्यांना त्या धर्मभगिनींची आठवण नसते, म्हणून हा जुना इतिहास उकरून काढण्याचे आम्ही योजिले आहे.

९ डिसेंबर १९०५ चा, धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांना विलग करणारा कायदा हा फ्रेंच धर्मनिरपेक्षतेचा पाया मानला जातो. परमगुरू दहावे पायस यांनी ११ फेब्रुवारी १९०६ रोजी परिपत्रक काढून त्याचा कठोर निषेध केला होता. पण शंभराहून अधिक वर्षांच्या अंतरावरून तो कायदा वाचताना जाणवते, की त्याचे पहिलेच कलम सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देते आणि दुसरे राज्यसंस्थेचे हात बांधते. राज्य कोणत्याही पंथाला मान्यता देणार नाही, वेतन देणार नाही, अनुदान देणार नाही. बंधन आहे ते राज्यावर, नागरिकाच्या अंगावरील वस्त्रावर नव्हे.

हे आपोआप घडले नाही. जून १९०५ मध्ये शाबेर नावाच्या प्रतिनिधीने सभागृहात दुरुस्ती मांडली, की धर्मगुरूंना सार्वजनिक जागी झगा घालण्यास मनाई असावी. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. झगा घालणारा हा त्या झग्याचा बंदिवान असतो. त्याला त्यातून सोडवणे म्हणजे त्याच्या बुद्धीला मोकळे करणे होय! विधेयकाची धुरा वाहणारे आरिस्तिद ब्रियां हे काही ख्रिस्तसभेचे स्नेही नव्हते. तरीही त्यांनी ही दुरुस्ती धुडकावली. स्वातंत्र्याचा कायदा करायला निघालेल्या प्रजासत्ताकाने लोकांचे कपडे ठरवू लागणे हास्यास्पद ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. वर त्यांनी असाही टोला लगावला, की उद्या झग्यावर बंदी घातलीत तर धर्मगुरू आणि शिंपी मिळून परवा नवाच पोशाख तयार करतील. दुरुस्ती १८४ विरुद्ध ३९१ मतांनी फेटाळली गेली.

हे लिहिताना स्वतःच्या अंगणाकडे काणाडोळा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली फर्मान काढून देशी ख्रिस्ती पुरुषांना पुडवे नेसण्याची आणि स्त्रियांना चोळी घालण्याची मनाई केली होती. तेव्हा वस्त्रांवर पहारा बसवण्याचा मोह केवळ निधर्मी राज्यकर्त्यांनाच होतो असे नाही.

फ्रान्समध्ये मात्र ब्रियां यांचा शहाणपणा बराच काळ टिकला. महायुद्धानंतर उत्तर आफ्रिकेतून कामगार आले, त्यांची मुले सरकारी शाळांत जाऊ लागली. १९८९ च्या शरदात, राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या वर्षीच, क्रेई गावातील तीन मुलींना डोक्यावरचा रुमाल न उतरवल्याबद्दल शाळेबाहेर ठेवण्यात आले. देश ढवळून निघाला. पाच नामवंत विचारवंतांनी जाहीर पत्र लिहून या प्रसंगाची तुलना थेट म्युनिकच्या शरणागतीशी केली. तीन शाळकरी मुलींच्या रुमालाला इतके वजन आजवर कोणी दिले नसेल! २७ नोव्हेंबर १९८९ रोजी राज्य परिषदेने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने, मत दिले: विद्यार्थ्याने धार्मिक चिन्ह धारण करणे हे स्वतःहून धर्मनिरपेक्षतेशी विसंगत नाही, दबाव, चिथावणी किंवा धर्मप्रचार झाला तर गोष्ट वेगळी. हा १९०५ चाच सूर होता.

पंधरा वर्षांत तो पालटला. बंदी मागणाऱ्यांची बाजू पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. अल्जीरियात १९९० च्या दशकात हिजाब नाकारणाऱ्या तरुणींना प्राण गमवावे लागले होते. पॅरिसच्या उपनगरांत भावांच्या आणि शेजाऱ्यांच्या धाकाने डोके झाकणाऱ्या मुली होत्या, आणि कायद्याने आपल्याला आधार द्यावा असे म्हणणाऱ्यांत मुसलमान घरांतल्या स्त्रियाही होत्या. त्यांचे ऐकले गेलेच पाहिजे होते. प्रश्न इतकाच, की धाक घालणारा भाऊ मोकळा राहतो आणि शाळेचे दार बंद होते ते मुलीला. जी स्वेच्छेने डोके झाकते तिलाही, आणि जिला घरात कोणी विचारत नाही तिलाही.

८ डिसेंबर २००३ रोजी फ्रान्समधील कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष शिराक यांना संयुक्त पत्र लिहून असा कायदा न करण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. राष्ट्रीय सभेत ३६ विरुद्ध ४९४ मते पडली आणि १५ मार्च २००४ चा कायदा झाला. त्याने सरकारी शाळांत हिजाब, ज्यूंची टोपी आणि मोठा क्रूस या साऱ्यांना मज्जाव केला. ज्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता त्या शीख मुलांनाही पगडीपायी शाळेतून जावे लागले. पुढे ११ ऑक्टोबर २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास बंदी झाली, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये ती उचलून धरली.

२००४ च्या कायद्यातून खाजगी शाळा वगळलेल्या होत्या. परिणामी सरकारी शाळांची दारे बंद झालेल्या मुलींपैकी काही जणी कॅथलिक शाळांत दाखल झाल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या ख्रिस्तसभेच्या धर्मभगिनींना शिकवण्यासाठी शिरोवस्त्र उतरवावे लागले, तिच्याच शाळांत या मुलींना ते ठेवून शिकता आले.

आणि ब्रियां यांच्या शिंप्याचे काय झाले? ऑगस्ट २०२३ मध्ये शिक्षणमंत्री गाब्रिएल अत्ताल यांनी शाळांत ‘अबाया’ वापरण्यास बंदी जाहीर केली. अबाया म्हणजे अंगभर, सैल, लांब झगा. तो धार्मिक पोशाख नाही, असे खुद्द मुसलमानांच्या प्रातिनिधिक संस्थेचे म्हणणे होते. राज्य परिषदेने ७ सप्टेंबरला या बंदीला स्थगिती नाकारली. त्याआधी, शाळा उघडल्या त्या दिवशी, मंत्र्यांनीच दिलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे ३०० मुली तो घालून आल्या. बहुतेकींनी समजावल्यावर तो काढला. ६७ जणींनी नकार दिला आणि त्या घरी परतल्या. लांब पोशाख नुसताच लांब कधी आणि धार्मिक कधी, हे ठरवण्याचे काम तेव्हापासून फाटकाशी उभ्या असलेल्या शिक्षकांकडे आले आहे.