नव्या वाहनाची टाकी कोणी भरावी? : भारतातील मोटारविक्री, टंचाई व ग्राहकहक्क यांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : मोटारविक्री, सुपूर्दगी, पेट्रोल, नियंत्रित वाटप, व्यापारी रूढी, ग्राहक संरक्षण.

प्रस्तावना :

दसरा किंवा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर शोरूममधून नवे वाहन बाहेर काढण्याची प्रथा महाराष्ट्रात आता सर्वदूर रुजली आहे. वाहनाला हार घातला जातो, नारळ फोडला जातो, पेढे वाटले जातात, किल्ली मालकाच्या हाती येते. यानंतरचा पहिला मुक्काम बहुधा देवळाचा नसून पेट्रोल पंपाचा असतो. टाकीत जेमतेम पंपापर्यंत पोहोचण्याइतकेच इंधन असते आणि ही गोष्ट ग्राहकाला, विक्रेत्याला व पंपावरील कर्मचाऱ्यालाही ठाऊक असते. लाखो रुपयांचा व्यवहार पूर्ण झाला असे ज्या क्षणी म्हटले जाते, त्याच क्षणी वस्तू वापरता येण्यासाठी ग्राहकाला पुन्हा खिशात हात घालावा लागतो.

विक्रेत्याने नव्या वाहनाबरोबर भरलेली टाकी द्यावी काय, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु ‘पूर्ण वस्तू’ कशास म्हणावे आणि सुपूर्दगीचा शेवटचा खर्च कोणी सोसावा, हे दोन मूलभूत प्रश्न त्यात दडलेले आहेत. आर्थिक व सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे व गृहीतक :

भारतात मोटार आणि तिचे इंधन यांच्या विक्रीव्यवस्था परस्परांपासून कशा वेगळ्या झाल्या याचा मागोवा घेणे, तसेच या विभक्ततेचा ग्राहकाच्या हक्कांवर झालेला परिणाम तपासणे, ही या अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. रिकाम्या टाकीची प्रथा कायद्याने निर्माण केलेली नाही. ती दीर्घकालीन टंचाईत पक्की झालेली व्यापारी रूढी आहे, हे गृहीतक येथे मांडले आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मोटार व इंधन : दोन स्वतंत्र व्यापार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या. आरंभीच्या काळात मोटार परदेशातून आगबोटीने येई आणि पेट्रोल डब्यांतून विकले जाई. मोटार विकणारी पेढी व इंधन विकणारी कंपनी यांचा एकमेकींशी फारसा संबंध नव्हता. १९२८ मध्ये बर्मा-शेल ही कंपनी स्थापन झाली. पुढे पंपांचे जाळे विस्तारले आणि इंधनविक्री हा पूर्णपणे स्वतंत्र व्यवसाय झाला.

शासनाचे धोरणही ही विभागणी दृढ करणारे होते. १९१७ च्या मोटार स्पिरिट अधिनियमाने पेट्रोलवर स्वतंत्र कर बसविला. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाने ज्वालाग्राही इंधनाची वाहतूक व साठवण परवान्याच्या कक्षेत आणली. मात्र वाहनाच्या टाकीत असलेल्या इंधनास याच अधिनियमाने परवान्याच्या अटीतून सूट दिली. म्हणजे टाकीतील पेट्रोल हा साठा नसून वाहनाचाच भाग होय, ही दृष्टी निदान सुरक्षाविषयक कायद्याने त्या काळीच स्वीकारली होती.

करविषयक कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. आजच्या विदर्भाचा समावेश असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ मध्ये मोटार स्पिरिट व वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसविणारा कायदा केला. हा कर म्हणजे उत्पादनशुल्कच असून तो बसविण्याचा अधिकार केंद्राचा आहे, असा आक्षेप निघाला. प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेले. सर मॉरिस ग्वायर हे त्या वेळी सरन्यायाधीश होते. कोर्टाने प्रांताचा अधिकार मान्य केला. तेव्हापासून पेट्रोल हे प्रांतांच्या, व पुढे राज्यांच्या, उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन बनले. मोटार आणि पेट्रोल यांवर वेगवेगळ्या रीतीने कर आकारण्याच्या व्यवस्थेचा पाया असा घातला गेला.

१९३० चा मालविक्री अधिनियम :

विक्रेता व ग्राहक यांच्यातील संबंधांचे नियमन करणारा मूळ कायदा म्हणजे १९३० चा मालविक्री अधिनियम. त्याच्या कलम ३६ च्या पाचव्या पोटकलमानुसार, अन्यथा करार झालेला नसेल तर माल सुपूर्द करण्याजोग्या स्थितीत आणण्याचा आणि त्यास अनुषंगून येणारा खर्च विक्रेत्याने सोसावयाचा असतो. ज्या स्थितीतील माल ताब्यात घेण्यास ग्राहक कराराने बांधलेला असतो, ती सुपूर्द करण्याजोगी स्थिती, अशी व्याख्या हा कायदा करतो.

येथे खरा प्रश्न उपस्थित होतो. जी मोटार स्वतःच्या शक्तीने दुकानाबाहेर पडू शकत नाही, ती सुपूर्द करण्याजोगी मानावी काय? कलमाचा सरळ अर्थ लावल्यास वाहन चालू स्थितीत देण्यापुरते इंधन विक्रेत्याच्या खर्चात मोडते, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु याच अधिनियमाचे कलम ६२ असे सांगते की, कायद्याने गृहीत धरलेले हक्क व कर्तव्ये स्पष्ट कराराने, पक्षांतील व्यवहाराच्या रीतीने किंवा दोघांनाही बंधनकारक असलेल्या रूढीने बदलू शकतात. रूढी कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली, हा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

रेशनिंग आणि नियंत्रणाचा काळ :

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये भारतात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. पेट्रोल कूपनावर मिळू लागले. अनेक मोटारींना कोळशापासून गॅस तयार करणारी संयंत्रे जोडण्यात आली. ज्या काळी मोटारमालकालाच पुरेसे इंधन मिळत नव्हते, त्या काळी विक्रेत्याने टाकी भरून द्यावी ही अपेक्षाच संभवत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर टंचाईचे स्वरूप बदलले. इंधनापेक्षा वाहनच दुर्मीळ झाले. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कोलकात्याची हिंदुस्तान मोटर्स आणि चेन्नईची स्टँडर्ड मोटर्स अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती मोटारींचे उत्पादन होते. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमान्वये उत्पादनाला परवाना आवश्यक होता. १९५९ च्या आदेशाने मोटारींच्या व १९६० च्या आदेशाने स्कूटरच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण आले. १९६९ मध्ये शासनाने मोटारींच्या किमती ठरवून दिल्या. कंपन्यांनी त्यास आव्हान दिले व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे भांडवलावरील वाजवी परताव्याचा, म्हणजे १६ टक्क्यांचा प्रश्न चर्चिला गेला. कारखान्याला किती मिळावे याची बारकाईने मोजदाद झाली. ग्राहकाच्या हाती नेमके काय पडावे, हा विषय मात्र त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता.

या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे ही मध्यमवर्गीय कुटुंबाची नित्याची गोष्ट होती. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या सुमारास नोंदविलेली स्कूटर तो महाविद्यालयात गेल्यावर घरी यावी, असेही घडे. ज्याला थांबणे शक्य नसे तो ‘ऑन’ देऊन, म्हणजे ठरलेल्या किमतीवर वरकड रक्कम मोजून, दुसऱ्याचे वाहन घेई. अशा बाजारपेठेत क्रमांक लागल्याचे पत्र हाती पडणे हाच मोठा आनंद असे. टाकीत किती पेट्रोल आहे हे विचारण्याचे बळ ग्राहकाजवळ उरले नव्हते. विक्रेता उपकारकर्ता झाला आणि ग्राहक याचक.

१९७३ च्या जागतिक तेलसंकटाने इंधनही महाग झाले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. पुढे एस्सो, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स या कंपन्या १९७४ ते १९७८ या काळात सरकारी क्षेत्रात सामावल्या गेल्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या स्वाधीन झाली. तिच्यासाठी एक लाखाहून अधिक लोकांनी प्रत्येकी १०,००० रुपये आगाऊ भरले होते. वस्तू नवी आली तरी रांग जुनीच राहिली. रिकाम्या टाकीची रूढी पक्की झाली ती या चार दशकांत.

ग्राहक चळवळ व उदारीकरण :

टंचाईच्या याच काळात महाराष्ट्रात ग्राहक चळवळीने मूळ धरले. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा अधिनियमाने एका वस्तूबरोबर दुसरी घेण्याची सक्ती करणे ही संशयास्पद प्रथा मानली होती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने सामान्य ग्राहकाला स्वतंत्र दाद मागण्याचा मार्ग दिला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० पासून अंमलात आला.

१९९३ मध्ये मोटार उत्पादन परवानामुक्त झाले आणि १९९८ पर्यंत सँट्रो व इंडिका यांसारखी वाहने बाजारात आली. रांगा ओसरल्या, विक्रेते ग्राहकाच्या मागे धावू लागले. सवलती, भेटवस्तू, मोफत विमा यांच्या जाहिराती झळकू लागल्या. तरीही टाकीविषयीची रूढी बदलली नाही. जे कारण नाहीसे झाले, त्याचा परिणाम मात्र टिकून राहिला. इतिहासात असे वारंवार घडते.

दोन्ही बाजूंचा विचार :

विक्रेत्यांच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे दुर्लक्षणीय नाहीत. वाहून नेल्या जाणाऱ्या वाहनांत इंधन कमी ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य असते. वाहन विक्रेता हा पेट्रोलचा अधिकृत किरकोळ वितरक नसतो. त्यालाही ते पंपावरूनच विकत घ्यावे लागते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा वाहन त्याच्या कक्षेत आले, पेट्रोल मात्र बाहेर राहिले. त्यामुळे पेट्रोलवर भरलेल्या करांची वजावट विक्रेत्यास मिळत नाही. १९३८ मध्ये नागपूरच्या विधिमंडळात झालेल्या कायद्याने अधोरेखित झालेली विभागणी अशा रीतीने आजच्या बिलातही डोकावते.

उलट बाजूने पाहता रक्कम फार मोठी नाही. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरला १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या दराने ३५ लिटरची टाकी भरण्यास सुमारे ३,५०० रुपये लागतात. सहा लाखांच्या मोटारीच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ०.६ टक्के इतके आहे. परंतु कायद्याने भरलेली टाकी सक्तीची केल्यास हाच खर्च अन्य शीर्षाखाली किमतीत मिळविला जाईल, हेही उघड आहे. दिलेली वस्तू मोफत दिसेल, प्रत्यक्षात तिचे पैसे ग्राहकच भरील.

या संदर्भात अमेरिकेतील अनुभव उद्बोधक आहे. तेथे मोटारींच्या किमती मनमानीपणे फुगविल्या जात असल्याच्या तक्रारींवरून १९५८ मध्ये कायदा झाला. सिनेटर मनरोनी यांच्या नावाने ओळखले जाणारे किंमतपत्रक प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर लावणे बंधनकारक झाले. मूळ किंमत, जादा साधने आणि वाहतूक खर्च त्यावर वेगवेगळे नोंदविले जातात. ग्राहकाला काय द्यावे हे त्या कायद्याने ठरविले नाही. त्याच्याकडून कशाचे पैसे घेतले जात आहेत, हे सांगण्याचे बंधन घातले.

निष्कर्ष :

१. रिकाम्या टाकीची प्रथा कोणत्याही कायद्याच्या आदेशातून आलेली नाही. ती युद्धकालीन रेशनिंग व नंतरच्या नियंत्रित वाटपाच्या काळात दृढ झालेली रूढी आहे.

२. १९३० च्या अधिनियमातील सुपूर्दगीच्या संकल्पनेनुसार वाहन चालू स्थितीत देण्यापुरते इंधन विक्रेत्याची जबाबदारी मानता येते. भरलेल्या टाकीपर्यंत ही जबाबदारी ताणणे मात्र त्या कलमावरून सिद्ध होत नाही.

३. पूर्ण टाकीच्या सक्तीपेक्षा किमान इंधनाचे प्रमाण निश्चित करणे आणि ते सुपूर्दगीच्या कागदावर लिटरमध्ये नमूद करणे अधिक व्यवहार्य ठरेल. हाताळणी शुल्कासारख्या नावांखाली रक्कम घेतली जात असेल, तर ती नेमकी कोणत्या कामाची हेही त्याच कागदावर असावे.

४. मोटारीपेक्षा दुचाकी व ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. तालुक्याच्या गावी कर्ज काढून वाहन घेणाऱ्या शेतकऱ्याने पै-पैची जुळवाजुळव केलेली असते. विक्रीच्या दिवशी अचानक पुढे येणारा लहानसा खर्चही त्याला जड जातो.

टंचाईच्या काळाने ग्राहकाला न विचारण्याची सवय लावली. टंचाई संपली, सवय राहिली. टाकीत किती इंधन आहे हा प्रश्न किल्ली हाती घेण्यापूर्वी विचारला जाऊ लागेल, तेव्हा नियंत्रणयुगाचा तो अवशेष खऱ्या अर्थाने इतिहासजमा होईल.