संगणक उठत नाही तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विभागातील जुन्या संगणकाचा मदरबोर्ड बदलावा लागला. प्रोसेसर नवा आला, रॅम नवी आली. हार्ड डिस्क मात्र 2010 सालची, तीच ठेवली. तिच्यावर दहा-बारा वर्षांच्या एम.ए.च्या प्रबंधिका आणि बोलीतील शब्दांचे एक अपुरे संकलन होते, आणि त्यांची दुसरी प्रत (हे कबूल करायला लाज वाटते) नव्हती. कळ दाबली. पंखा फिरला, पडदा उजळला आणि सुरुवात करण्याजोगी डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ येऊन सारे थांबले. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी 'डिस्क गेली, फॉरमॅट मारू' असा निकाल दिला. आम्ही त्यांना थांबवले, कारण सेटिंगच्या पडद्यावर त्याच डिस्कचे नाव आणि क्षमता स्वच्छ दिसत होती.

दिसणारी डिस्क सुरू का होत नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्मृतीत आज्ञावली आणायची तर ती आणणारी दुसरी आज्ञावली तेथे आधीच हवी. कितीही तरबेज नट स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, हा आपल्या शास्त्रकारांचा दृष्टान्त येथे नेमका लागू पडतो. इंग्रजांनी त्यासाठी बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलण्याची कल्पना वापरली. 'बूट' हे क्रियापद तिथले. 1952 च्या आयबीएम 701 यंत्रावर त्यासाठी एक बटण होते. ते दाबले की पहिला शब्द कार्डावरून किंवा फितीवरून आत येई आणि पुढचे तो ओढून आणी.

1981 च्या आयबीएम पीसीत हे काम बायोस या चिपमधील आज्ञावलीकडे आले. ती आधी यंत्राची तपासणी करी आणि सारे ठीक असेल तर एक आखूड 'बीप' देई. 1983 साली पीसी एक्सटी दहा मेगाबाइटांची हार्ड डिस्क घेऊन आला. तेव्हापासून रूढ झालेली रीत अशी, की बायोसने डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे 512 बाइट, उचलायचे आणि त्यात असेल ते चालवायचे. या 512 बाइटांतच आरंभीची आज्ञावली, डिस्कच्या चार विभागांचा तक्ता आणि अखेरीस दोन बाइटांची खूण. फाइल म्हणजे काय, हे बायोसला ठाऊकच नसते. एवढ्याशा जागेवर पुढची तीस वर्षे लक्षावधी संगणक उठले, याचे आम्हांला अजून नवल वाटते.

नवी परंपरा यूईएफआयची. तिचे मूळ इंटेलच्या 1990 नंतरच्या दशकातील कामात आहे. 2005 साली तिच्यासाठी अनेक कंपन्यांचा मंच स्थापन झाला. ती पहिला सेक्टर चालवत नाही. डिस्कवरच्या एका वेगळ्या विभागात ठरावीक प्रकारची फाइल शोधते. मधल्या काळात सीएसएम नावाची एक सोय दोन्ही रीती सांभाळी. 2017 साली इंटेलने 2020 पर्यंत ती काढून टाकण्याचा मानस जाहीर केला, आणि नव्या बोर्डांतून ती हळूहळू नाहीशी होऊ लागली. आमच्या बोर्डात ती नव्हतीच.

म्हणजे डिस्क शाबूत होती. मोडीतला रुमाल फक्त बालबोध शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे ठेवावा, आणि त्याने कागद कोरा आहे म्हणून सांगावे, तसला हा प्रकार. डिस्कची मांडणी नव्या पद्धतीची करून देणारे साधन मायक्रोसॉफ्टने 2017 साली दिले आहे खरे; पण ते विंडोज 10 साठी, आणि आमच्या डिस्कवर होते विंडोज 7. शिवाय एकुलत्या एका प्रतीवर प्रयोग करणे कोणत्याही पाठचिकित्सकाला मंजूर होणार नाही.

शेवटी यंत्रातून डिस्क काढली, यूएसबीच्या बाहेरच्या पेटीत बसवली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. सगळ्या फाइली जागेवर होत्या. पहिली उघडली, तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा! मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला, आणि तो फॉन्ट या संगणकावर नाही. तो मग त्याच जुन्या डिस्कवर, विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरात सापडला. सध्या आमच्यापैकी दोघे रोज संध्याकाळी तासभर बसून ते शब्दसंकलन युनिकोडमध्ये उतरवून घेत आहेत; 'क' आणि 'ख' झाले आहेत.