लहान घरमालक आणि भाड्याचा कायदा

घर भाड्याने देण्याचा व्यवहार आपल्याकडे जुना आहे. त्या व्यवहारात सरकार तिसरा पक्ष म्हणून येऊन बसले, त्याला मात्र शंभर वर्षांहून फारसा अधिक काळ लोटलेला नाही. आज आपणास ज्या घरमालकाचा विचार करावयाचा आहे, तो मोठ्या इस्टेटीचा धनी नव्हे. आयुष्यभराच्या पुंजीतून चार खोल्यांची चाळ बांधलेला, वडिलोपार्जित वाड्याची मागली बाजू भाड्याने दिलेला, किंवा निवृत्त झाल्यावर एका सदनिकेच्या भाड्यावर औषधपाणी भागवणारा असा हा मनुष्य आहे. आपल्या सभेत असे अनेक बसले असतील, आणि त्यांचे भाडेकरूही शेजारीच बसले असतील! दोघांनाही हा इतिहास ठाऊक असणे हिताचे आहे.

मुंबईपासून प्रारंभ करणे भाग आहे. १८९६ साली तेथे प्लेग शिरला आणि त्याच्या मागोमाग १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पाडलेल्या घरांतील माणसे मात्र उरलेल्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली. गिरण्यांत रोज नवी माणसे येत होती, खोल्या त्या मानाने वाढत नव्हत्या. पहिल्या महायुद्धात बांधकामाचे सामान महागले, भाडी भडकली, आणि १९१८ साली मुंबई सरकारने भाड्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा केला. युद्धकाळापुरती केलेली ही तात्पुरती तजवीज होती. सरकारने स्वतः घरे बांधण्याचाही प्रयत्न केला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळींच्या २०७ इमारती हे त्या प्रयत्नाचे फळ होय.

दुसऱ्या महायुद्धात तोच प्रसंग पुन्हा आला. १९३९ आणि १९४४ साली कायदे झाले, आणि त्यांच्या जागी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना भाडेकरूला रस्त्यावर काढण्याची मोकळीक ठेवणे कोणत्याही सरकारला परवडले नसते. त्या वेळी हा कायदा योग्यच होता, असे आमचे मत आहे. दोष पुढे शिरला, आणि तो एका तारखेत शिरला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाणित भाडे’ ठरले. कर वाढले तर तेवढी वाढ मागता येई; पण मूळ आकडा गोठला तो गोठलाच. कायदा ठराविक मुदतीचा होता. ती मुदत मात्र प्रत्येक वेळी वाढवली गेली, कारण भाडेकरूंची मते पुष्कळ आणि मालकांची थोडी.

भाडे गोठले म्हणून खोलीची किंमत गोठत नाही. ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते, आणि त्या वाटेचे नाव पागडी. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोकड घेई, मालक त्यातला आपला हिस्सा घेऊन नव्या नावाने भाडेपावती फाडी. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा मालकाच्या बाजूने गुन्हा ठरवला होता, तरीही शहरभर व्यवहार याच मार्गाने चालत. प्रामाणिक मालक कायदा पाळून गरीब झाला आणि चतुर मालक कायदा मोडून तरला. सरळ मनुष्याला मूर्ख ठरवणारा कायदा फार काळ मनाने पाळला जात नाही.

यात सर्वांत मोठे नुकसान झाले ते छपराचे. महिना वीस रुपये भाड्यात दुरुस्तीचा खर्च भागेना, तेव्हा मालकाने कौले चाळणे सोडले. भाडेकरू म्हणे, घर माझे नाही, मी का खर्च करू? पावसाळ्यात जिने कोसळू लागले, माणसे दगावू लागली. तेव्हा १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मुंबई शहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती मंडळाने करावयाची, अशी ही योजना होती. या उपकरप्राप्त इमारतींची संख्या एकोणीस हजारांच्या वर होती. मंडळ कोठकोठे पुरे पडणार? तरी मुंबईकरांना मंडळ तरी मिळाले. पुण्याच्या पेठांतील वाड्यांना भाडे नियंत्रण तेच लागू होते, पण मंडळ नव्हते. वाड्याच्या मालकाच्या वाट्याला गोठलेले भाडे आले आणि वाळवी लागलेले तुळईचे लाकूडही आले. पेठांतून हिंडताना टेकू दिलेल्या भिंती दिसतात, त्यांचा इतिहास बराचसा हाच आहे.

पुढे १९७३ साली आणखी एक घाव बसला. भाडेकरू ठेवला तर तो कायमचा बसतो, या भीतीने लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, म्हणजे केवळ राहण्याच्या परवानगीने, जागा देत असत. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारावर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू करून टाकले. ज्याने वर्षभरासाठी खोली दिली होती, त्याची खोली पिढ्यान्पिढ्यांसाठी गेली. याचा परिणाम सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. सावध मालकाने खोलीला कुलूप लावले, आणि शहरात बेघर माणसे असताना घरे रिकामी राहिली.

अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात निकाल दिला. १९४० चे भाडे तसेच गोठवून ठेवणे कालांतराने अवाजवी आणि मनमानी झाले आहे, असे त्यात म्हटले. कायद्याची मुदत थोड्याच महिन्यांत संपत होती, म्हणून न्यायालयाने तो तेथल्या तेथे रद्द केला नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. वीस रुपयांच्या खोलीला ही वाढ पहिल्या वर्षी ऐंशी पैसे होते, हेही ध्यानात ठेवलेले बरे. पागडीला मात्र त्याने उजळ माथ्याने वावरण्याची सोय केली.

आता घरात एखादी जागा भाड्याने द्यावयाची असेल, तर या इतिहासातून काय घ्यावे? पहिली गोष्ट कागदाची. नव्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती. महाराष्ट्रात या समजुतीवर विसंबू नये. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर पडते. उलट राहण्याच्या परवानगीचा करार नीट नोंदवलेला असला, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मागता येते, आणि न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करता येते. १९७३ च्या धास्तीने कुलूप लावून बसलेल्यांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे.

भाड्याची पावती द्यावी. ती देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि वाद उद्भवला तर मालकाचाही तोच पुरावा असतो. भांडण झाले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये. तो गुन्हा आहे, आणि मालकाची न्याय्य बाजूही त्याने लंगडी पडते. नेहमीच्या भाडेकरूचे भाडे थकले तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल, तर जास्त त्रास कोणाला होईल हेही न्यायालय पाहते. म्हणून गरज खरी असावी आणि ती पुराव्याने दाखवता यावी.

एका जुन्या प्रकरणातील मोठा प्रश्न तर २०२४ साली निकालात निघाला. १९८६ साली म्हाडाच्या कायद्यात घातलेल्या प्रकरणानुसार उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास सरकारला ती इमारत संपादन करता येई, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट भरपाई मिळे. वीस रुपयांच्या खोलीचे दोन हजार रुपये! याविरुद्ध मुंबईच्या मालकांची संघटना न्यायालयात गेली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येत नाही. पीठापुढे घटनेच्या अर्थाचा प्रश्न होता. १९८६ च्या त्या प्रकरणाचे काय करावयाचे, हे त्याने तेथेच ठरवले नाही. तो प्रश्न योग्य त्या पीठाकडे सोपवला.