बॉस्टन व्हेलर १३
बॉस्टन व्हेलर १३ ही अमेरिकेतील फायबरग्लासची लहान, उघडी मोटारबोट आहे. रिचर्ड फिशर यांनी ती १९५८ साली बाजारात आणली. तिच्या तळाची रचना नौकारचनाकार सी. रेमंड हंट यांच्या कल्पनेतून आकाराला आली. पाण्याने काठोकाठ भरली किंवा तिचे दोन तुकडे झाले तरी ती बुडत नाही, हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय. नावातील १३ हा आकडा तिची फुटांतील लांबी दर्शवतो. तिची लांबी सुमारे ४ मीटर व रुंदी सुमारे १.६ मीटर असून मागच्या बाजूस ४० अश्वशक्तीपर्यंतचे बाह्य इंजिन बसवता येते.

पार्श्वभूमी

लाकूड सामान्यतः पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे जड इंजिन किंवा सामान नसलेली लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तळाशी जात नाही. फायबरग्लासचे तसे नाही. काचेचे तंतू आणि रेझिन यांपासून बनलेला हा पदार्थ मजबूत असून कुजत नाही, परंतु तो पाण्याहून सुमारे दीडपट जड असतो. अशा पदार्थाची बोट तिच्या पोकळीतील हवेमुळे तरंगते. पोकळीत पाणी शिरले की हा आधार संपतो आणि इंजिनाच्या भाराने बोट खाली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या बोटींचा प्रसार झाला, तेव्हा लहान बोटींच्या बाबतीत हा धोका महत्त्वाचा ठरला.

फिशर यांनी हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले होते. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाची बोट बांधण्याचा विचार त्यांच्या मनात होता. १९५० च्या दशकात पॉलियुरेथेन फोम हा नवा पदार्थ उपलब्ध झाला, तेव्हा बाल्साचे काम तो करू शकेल, हे त्यांच्या लक्षात आले.

बांधणी

या बोटीला फायबरग्लासची दोन कवचे असतात. एक बाहेरच्या तळाचे व दुसरे आतल्या बैठकीच्या भागाचे. दोन्ही कवचे साच्यांत तयार केली जातात. त्यांच्यामधील जागेत द्रवरूप रसायने ओतून साचे बंद करतात. रसायनांची प्रक्रिया होऊन फोम फुगतो, कानाकोपरा भरतो आणि दोन्ही कवचांना घट्ट चिकटतो. अशा रीतीने दोन कवचे व फोम मिळून एकसंध घटक बनतो. फोमला दुहेरी काम असते: तो बोटीला तरंगत ठेवतो आणि पातळ कवचांना ताठरपणाही देतो.

या गुणाचा उलगडा आर्किमिडीजच्या तत्त्वाने होतो. पाण्यात बुडालेल्या वस्तूने जेवढे पाणी बाजूला सारले असेल, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. एक घनमीटर फोमचे वजन साधारण ३० ते ४० किलोग्रॅम भरते, तर तो बाजूला सारत असलेल्या गोड्या पाण्याचे वजन १००० किलोग्रॅम असते. हा फरक बोटीचे कवच, इंजिन व माणसे यांचा भार पेलण्यास उपयोगी पडतो. फोम बोटीच्या सर्व भागांत पसरलेला असल्याने एखादा भाग तुटला तरी उरलेला भाग तरंगतो.

तळाची रचना व कामगिरी

कॅनडात जन्मलेल्या आल्बर्ट हिकमन यांच्या ‘सी स्लेड’ या बोटीचा तळ उलट्या व्ही आकाराचा होता. तिच्या दोन्ही कडा पाण्यात व मधला भाग उंच असे. हंट यांनी या आकाराचा आधार घेतला. मात्र चाचणीत मधल्या पोकळीतून हवामिश्रित पाणी इंजिनाच्या पंख्यापर्यंत येऊ लागले आणि पंख्याची पाण्यावरील पकड सुटू लागली. त्यामुळे मधोमध तिसरा उंचवटा देण्यात आला.

या तीन उंचवट्यांच्या तळामुळे बोटीला आडवे स्थैर्य लाभते. माणूस एका काठाशी उभा राहिला तरी ती फारशी कलत नाही. उथळ पाण्यात ती सहज जाते आणि लहान इंजिनावरही लवकर वेग घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत धावते. खवळलेल्या पाण्यात मात्र तिचा रुंद तळ लाटांवर आपटतो व प्रवाशांना हादरे बसतात. हंट यांच्याच खोल व्ही आकाराच्या तळाने, उदाहरणार्थ १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत जिंकणाऱ्या ‘मॉपी’ या बोटीच्या तळाने, लाटा अधिक सहजपणे कापल्या जातात. मात्र थांबलेली असताना तशी बोट अधिक डोलते.

प्रसिद्धी व वापर

१९६१ साली ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकात या बोटीची छायाचित्रमालिका प्रसिद्ध झाली. फिशर पाण्यावरील बोटीत बसलेले असताना ती करवतीने मधोमध कापण्यात आली आणि मागच्या अर्ध्या भागात बसून, इंजिन चालू करून ते निघून गेले. या प्रात्यक्षिकामुळे बोटीला मोठी प्रसिद्धी मिळाली. कंपनीच्या बोटी पुढे पोलीस व बचाव पथकांनी वापरल्या. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलानेही त्यांचा उपयोग केला. १९९६ पासून ही कंपनी ब्रन्सविक या उद्योगसमूहाकडे आहे.

मर्यादा

न बुडणारी बोट म्हणजे न उलटणारी बोट नव्हे. अतिभार, चुकीचे वळण किंवा मोठी लाट यांमुळे तीही उलटू शकते. त्यामुळे जीवरक्षक जाकिटाची गरज कमी होत नाही. अपघातग्रस्तांना धरून राहण्यासाठी आधार मिळतो, हा तिचा खरा लाभ आहे. पाण्यात एकट्या माणसाचे डोके दुरून दिसणे कठीण असते, तरंगणारी बोट शोधपथकाला तुलनेने लवकर दिसते.

फोम कवचाआड दडलेला असल्याने त्याची तपासणी अवघड असते. स्क्रूच्या उघड्या छिद्रांतून किंवा तड्यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपल्यास फोम ते धरून ठेवतो, बोटीचे वजन वाढते व तरंगण्याची क्षमता घटते. भिजलेला फोम वाळवणेही कठीण असते. म्हणून जुनी बोट घेताना तिचे वजन करून पाहणे आणि प्रत्येक छिद्र नीट बुजवणे आवश्यक ठरते.