किल्लारीचा धडा आणि खिशातला भूकंपमापक

30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांची धरती हादरली. दगडमातीच्या भिंती नि जड माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच दगावली.

पुढे विज्ञानाने एक गमतीदार वाट काढली. लॅपटॉप खाली पडताना आतील माहितीची तबकडी वाचावी म्हणून त्यात हालचाल ओळखणारा संवेदक बसवीत. 2008 साली अमेरिकेतील 'क्वेक-कॅचर' योजनेने त्यालाच भूकंप नोंदविण्याच्या कामी लावले. 2016 साली बर्कले विद्यापीठाच्या 'मायशेक'ने तेच काम मोबाईलकडून करून घेतले. भूकंपाच्या लाटेपेक्षा विजेचा संदेश वेगवान; म्हणून दूरच्या गावांना काही सेकंद आधी इशारा देता येतो.

विद्यार्थीमित्रहो, हे तत्त्व शाळेतही पाहता येते. तारेच्या कड्यात लोखंडी वजन अधांतरी टांगा. सेल आणि घंटी जोडा. हादरा बसताच वजन कड्याला टेकते व घंटी वाजते.

21 मार्च 2024 रोजी हिंगोली-नांदेड पुन्हा हादरले. केंद्राजवळच्या गावाला मात्र इशाऱ्याची सवड मिळत नाही. तेथे मजबूत भिंतच माणूस वाचविते. म्हणून यंत्र अवश्य करा, पण आधी आपले घर तपासा.